रोजचा एक तास



आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि आश्विन पौर्णिमेला त्याची सांगता होते. या तीन महिन्यांत अनेक विहारांतून सायंकाळी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. दिवसभर कामावरून थकून आलेली माणसे, हातातले काम टाकून आलेल्या माताभगिनी आणि पेंगुळलेली मुले एकत्र बसून ऐकतात. अशा सभेपुढे आज एक रोजच्या व्यवहारातला विषय मांडायचा आहे. काही माणसे एका आयुष्यात डोंगराएवढे काम करून जातात. त्यांचे मन कसे घडलेले असते? त्यांच्या सवयी कोणत्या? आणि त्या सवयी आपल्या घरात, आपल्या मुलाबाळांत रुजू शकतील काय?

बाबासाहेबांच्या जयंतीला ठिकठिकाणी विद्यार्थी सलग १८ तास अभ्यास करून त्यांना अभिवादन करतात. उपक्रम उत्तम आहे. ज्या महामानवाने ग्रंथांवर प्रेम केले, त्याला ग्रंथ वाचूनच वंदन करावे, ही कल्पना आपल्या समाजाला शोभणारी आहे. परंतु मी पेशाने शाळामास्तर, त्यामुळे हिशेब मांडल्याशिवाय मला राहवत नाही. १४ एप्रिलला १८ तास उघडे असलेले पुस्तक १५ एप्रिलला कुठे असते?

आता दुसरा हिशेब पाहा. वर्षावासाचे दिवस साधारण ९० धरा. रोज एकच तास, पण न चुकता, एखादा माणूस अभ्यासाला बसला, तर ९० तास होतात. म्हणजे अठरा तासांचे पाच दिवस! आणि हाच नेम वर्षभर चालला तर ३६५ तास होतात. म्हणजे अठरा तासांचे वीस दिवस, आणि वर पाच तास शिल्लक. जयंतीचे अठरा तास माणसाच्या श्रद्धेची साक्ष देतात. त्याचे आयुष्य मात्र रोजच्या एका तासाने बदलते. हेच आज सांगायचे आहे.

"ते बाबासाहेब होते!"

हे सांगू लागले की लगेच एक उत्तर मिळते. "अहो गुरुजी, ते बाबासाहेब होते! आम्हांला कसे जमणार?" बोलणाऱ्याच्या मनात आदरच असतो, यात शंका नाही. पण या आदराच्या पोटात एक पळवाट दडलेली आहे. ज्याला आपण आपल्यासारखा माणूस मानतो, त्याच्या वाटेने चालावे लागते. ज्याला देव केले, त्याला हार घातला की काम भागते!

आपण तर अवतार नाकारून धम्मात आलो आहोत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या गेल्या, त्यांत देवाने अवतार घेतला यावर विश्वास ठेवणार नाही, अशी प्रतिज्ञा आहे. बुद्ध हा विष्णूचा अवतार, हा खोटा प्रचार आहे, असेही त्यांत बजावले आहे. मग बाबासाहेबांना अवतार करून आपण कोणता धम्म पाळतो? राजकारणातली भक्ती अधःपाताकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा स्वतः बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. बाबासाहेब माणूस होते. त्यांना भूक लागत होती, पैशाची चणचण होती, शरीराला व्याधी होत्या. तरीही काम झाले. ते कसे झाले, हे पाहण्यातच आपले हित आहे.

श्रम आणि उद्योग

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. "कष्ट करा, कष्ट करा" असा उपदेश आपल्या लोकांना कोणी करू लागला की मन कडू होते. आणि ते योग्यच आहे. आमचे पूर्वज आळशी होते काय? महारकीच्या वतनात गावाला केव्हाही हाक मारण्याचा अधिकार होता. रात्र असो, पाऊस असो, घरात आजारी माणूस असो, निरोप घेऊन धावावे लागे, ओझे वाहावे लागे, गुरे ओढावी लागत. बदल्यात थोडे बलुते आणि तुटपुंजी जमीन. बाबासाहेब या वतनाविरुद्ध वर्षानुवर्षे लढले. ते नष्ट करणारा कायदा १९५८ साली झाला. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पहाटेपासून रात्रीपर्यंत राबून काढले, त्यांच्या वंशजांना कष्टाचे महत्त्व कोणी शिकवावे?

पण श्रम वेगळे आणि उद्योग वेगळा. श्रमात हात आपले असतात आणि हाक दुसऱ्याची. उद्योगात हातही आपले आणि हाकही आपलीच. काय करायचे, केव्हा करायचे, कशासाठी करायचे, हे ठरविणे जेव्हा माणसाच्या स्वतःच्या हाती येते, तेव्हा त्याच्या कामाला उद्योग म्हणावे. वतनाने आमचे श्रम घेतले, तसा आमचा वेळही घेतला. दिवसातला एकही तास आमच्या मालकीचा नव्हता. म्हणून स्वतःसाठी राखून ठेवलेला रोजचा एक तास ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना वेळेवर हक्क नव्हता, त्यांनी मिळविलेली ती पहिली जमीन आहे. तिचा सातबारा आपल्याच नावावर आहे.

तथागतांनी हाच विचार गृहस्थांसाठी सांगितला आहे. कोलियांच्या नगरात दीघजाणु नावाचा गृहस्थ त्यांच्याकडे आला आणि म्हणाला, की आम्ही संसारी माणसे, मुलाबाळांच्या गर्दीत राहणारी. आम्हांला झेपेल असा, या जन्मात सुख देणारा धम्म सांगा. भगवंतांनी त्याला चार गोष्टी सांगितल्या, आणि त्यांतली पहिली होती उत्थानसंपदा. ज्या कोणत्या धंद्याने माणूस पोट भरतो, मग ती शेती असो, व्यापार असो, गोपालन असो वा राजसेवा असो, त्यात तो कुशल असावा, आळस न करणारा असावा, आणि कामाची युक्ती विचारपूर्वक शोधणारा असावा. दुसरी आरक्षसंपदा, म्हणजे कष्टाने मिळविलेले सांभाळणे. तिसरी कल्याणमित्रता, म्हणजे चांगल्याची संगत. चौथी समजीविता, म्हणजे मिळकत पाहून खर्च करणे. यात नशिबाचा उल्लेख नाही, नवसाचा नाही, मुहूर्ताचा नाही. सगळे माणसाच्या हातातले आहे.

आठ प्रसंग, दोन मने

उद्योगी मन आणि आळशी मन यांत नेमका फरक कोणता? अंगुत्तर निकायात भगवंतांनी भिक्खूंना याचे फार सुंदर विवेचन केले आहे. आळसाचे आठ प्रसंग त्यांनी सांगितले. त्यांना पालीत कुसीतवत्थु म्हणतात.

भिक्खूला काम करायचे असते. तो म्हणतो, काम केल्यावर थकवा येईल, आधीच थोडा पडतो. काम झालेले असते. तो म्हणतो, थकलो, पडतो. प्रवासाला जायचे असते. चालून थकेन, आधी पडतो. प्रवास झालेला असतो. चालून थकलो, पडतो. भिक्षा पोटभर मिळाली नाही; अंगात त्राण नाही, पडतो. भिक्षा भरपूर मिळाली. अंग भिजलेल्या उडदासारखे जड झाले, पडतो. किंचित बरे नाही, पडतो. आजारातून नुकताच उठला. अजून अशक्तपणा आहे, पडतो!

ऐकताना हसू येते. कारण हे भिक्खू आपल्या ओळखीचे आहेत. ते आपल्या घरातच राहतात!

पण खरी गोष्ट पुढे आहे. भगवंतांनी लगेच उद्योगाचेही आठ प्रसंग सांगितले आणि ते वेगळे नाहीत. तेच आठ! काम करायचे आहे. कामात धम्माकडे लक्ष देता येणार नाही, तेव्हा आधीच प्रयत्नाला लागतो. काम झाले; कामात राहून गेले, ते आता करतो. भिक्षा कमी मिळाली; बरे झाले, अंग हलके आहे. भरपूर मिळाली, अंगात बळ आले. थोडे आजारपण वाटते. ते वाढण्यापूर्वी करून घेतो. आजारातून उठलो, तो परत फिरण्यापूर्वी करतो.

बंधू-भगिनींनो, परिस्थिती दोघांची एकच आहे. तेच पोट, तीच वाट, तेच दुखणे. एकाला प्रत्येक प्रसंगात न करण्याचे कारण सापडते, दुसऱ्याला करण्याचे. राजगृहाजवळ सिगाल नावाच्या तरुणाला उपदेश करतानाही भगवंतांनी आळशी माणसाची भाषा दाखवून दिली: फार थंडी आहे, फार ऊन आहे, फार उशीर झाला, अजून फार लवकर आहे. आमच्या वर्गातल्या मुलांच्या तोंडी याच भाषेचे आणखी एक वाक्य असते: "गुरुजी, उद्यापासून नक्की!" ज्याला सोमवारची, पहिल्या तारखेची किंवा नव्या वर्षाची वाट पाहावी लागते, त्याने मुहूर्त सोडलेला नाही. त्याने फक्त पंचांग बदलले आहे.

आठ प्रसंगांतले बाबासाहेब

आता हेच प्रसंग बाबासाहेबांच्या चरित्रात शोधू.

१९१६ साली ते कोलंबिया विद्यापीठातून लंडनला शिकायला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. महायुद्ध चालू होते. त्यांच्या ग्रंथांचे सामान ज्या जहाजावर होते, ते बुडविले गेले. जमविलेली पुस्तके समुद्रात गेली. "आता राहू द्या" म्हणायला याहून मोठे कारण कोणते हवे? त्यांनी मुंबईत सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी केली, पैसे साठविले, जानेवारी १९२० मध्ये 'मूकनायक' सुरू केले आणि त्याच वर्षी पुन्हा लंडन गाठले. तेथे अर्धपोटी राहून, ग्रंथालय उघडल्यापासून बंद होईपर्यंत ते वाचत बसत, असे चरित्रकार सांगतात. डॉक्टर ऑफ सायन्सच्या प्रबंधावर परीक्षकांनी हरकत घेतली आणि फेरमांडणी करायला सांगितली. तीही त्यांनी केली आणि १९२३ साली ती पदवी मिळविली. वाट चालून झाली होती, भिक्षा कमी होती, काम एकदा करून झाले होते. तिन्ही प्रसंगांत ते पडून राहिले नाहीत.

संविधानाच्या कामाकडे पाहा. मसुदा समिती २९ ऑगस्ट १९४७ रोजी नेमली गेली. समितीत सात सदस्य होते. पण एकाने राजीनामा दिला, एकाचे निधन झाले, कोणी परदेशी, कोणी राज्यकारभारात, कोणी प्रकृतीमुळे दिल्लीपासून दूर. अखेर मसुद्याचा भार डॉ. आंबेडकरांवर पडला, असे समितीचे एक सदस्य टी. टी. कृष्णम्माचारी यांनीच ५ नोव्हेंबर १९४८ रोजी सभागृहात सांगितले. समितीची बैठक १४१ दिवस चालली. सभेपुढे ७,६३५ दुरुस्त्या आल्या, त्यांतील २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. एकेका दुरुस्तीला उत्तर द्यायचे, शब्द तपासायचा, पुन्हा लिहायचे. हे काम एका रात्रीच्या जागरणाने होते काय? १४१ दिवस पुन्हा पुन्हा त्याच टेबलाशी बसावे लागते, तेव्हा ते होते.

आणि त्यांची आणखी एक सवय ध्यानात घ्या. काम संपल्यावर २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी श्रेय वाटून दिले. पहिला कच्चा मसुदा तयार करणारे बी. एन. राव, मसुदा समितीचे सहकारी, आणि कलमांची भाषा बांधणारे एस. एन. मुखर्जी यांची नावे त्यांनी घेतली. हाताखाली रात्री उशिरापर्यंत राबलेल्या कर्मचाऱ्यांचीही त्यांनी आठवण ठेवली. मोठे काम करणारा माणूस जोडीदारांना विसरत नाही. हीच कल्याणमित्रता.

शेवटच्या वर्षांत मधुमेहाने शरीर पोखरले होते, पायांनी साथ सोडली होती, दृष्टी मंदावली होती. तरी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ग्रंथ पुरा केला. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री त्यांनी ग्रंथाच्या प्रस्तावनेचा कागद मागवून घेतला. ६ डिसेंबरला ते आपल्यात नव्हते. आज विहारात जे पान आपण वाचतो, ते आठपैकी सातव्या प्रसंगात लिहिलेले आहे.

वीणेची तार

पण येथे थांबून एक इशारा दिला पाहिजे. बाबासाहेबांनी देह झिजविला, म्हणून आपणही झोप मोडावी, जेवण चुकवावे, असा अर्थ काढू नका. त्यांच्यावर कोट्यवधींच्या मुक्तीचा भार होता आणि भार वाटून घेणारे हात थोडे होते. आज हात पुष्कळ आहेत.

सोण कोळिविस नावाचा एक भिक्खू होता. श्रीमंत घरातला, सुकुमार. त्याने इतका टोकाचा प्रयत्न केला की चंक्रमण करताना त्याचे पाय फुटले, आणि एवढे करूनही मन शांत झाले नाही, तेव्हा घरी परतावे असे त्याला वाटू लागले. तो पूर्वी वीणा वाजवीत असे. भगवंतांनी त्याला विचारले, तार फार ताणली तर वीणा वाजते काय? नाही. फार सैल सोडली तर? तरीही नाही. प्रयत्नाचेही तसेच आहे. अतिताणाने मन भडकते, अतिसैलपणाने आळस येतो. अष्टांगिक मार्गात सम्यक व्यायाम आहे, त्यातला 'सम्यक' हा शब्द याचसाठी आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री ताणलेली तार वर्षभर सैल सोडलेल्या तारेचीच बहीण असते.

तास कोणाचा?

आता शेवटचा आणि सर्वांत कठीण मुद्दा. घरात मुलाच्या अभ्यासाचा तास ठरला. चांगले झाले. पण त्या तासात पाणी कोण भरते? भाकरी कोण थापते? धाकट्याला कोण घेते? बहुधा त्याची बहीण! भावाचे पुस्तक उघडे राहावे म्हणून बहिणीचे बंद होत असेल, तर आपण वतन नष्ट केले नाही. गावाच्या चावडीवरून ते आपल्या चुलीपाशी आणून ठेवले.

बाबासाहेब लंडनच्या ग्रंथालयात होते, तेव्हा मुंबईत माता रमाई दारिद्र्याशी झुंजत संसार सांभाळत होत्या. ते ऋण बाबासाहेब विसरले नाहीत. १९४० साली प्रसिद्ध झालेला पाकिस्तानवरचा ग्रंथ त्यांनी, १९३५ साली दिवंगत झालेल्या रमाईंच्या स्मृतीला अर्पण केला. पण त्या काळी रमाईंना जे मिळाले नाही, ते आजच्या रमाईला आणि तिच्या लेकीला मिळाले पाहिजे. तास मुलाचा असेल, तर तासभर मुलीचाही असावा, आणि आईचाही. आई त्या तासात अक्षर गिरवील, बचतगटाचा हिशेब शिकेल, नाहीतर नुसती शांत बसून आनापान करील. तो तास तिचा आहे, त्याचा जाब तिला कोणी विचारू नये.

तेव्हा या वर्षावासात प्रत्येक घराने तीन गोष्टी ठरवाव्यात, असे सुचवितो.

पहिली : तासाची वेळ ठरलेली असावी आणि ती बदलू नये. वेळ ठरली की "आज बसू की नको?" हा रोजचा वाद मिटतो. भगवंतांनी सांगितलेल्या पाच नीवरणांत विचिकित्सा आहे, ती याच वादातून आत शिरते. त्या तासात मोबाईल दुसऱ्या खोलीत, आणि खोली एकच असेल तर पेटीत. औद्धत्य, म्हणजे मनाचे भिरभिरणे, हेही नीवरणच आहे. आजकाल ते आपण खिशात घेऊन फिरतो.

दुसरी : एका तासाला एकच काम. वाचन तर वाचन, लिखाण तर लिखाण, शिवणकाम शिकणे तर तेच. तास संपल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरवर एक खूण करावी. एखादा दिवस चुकला तर रडत बसू नये. दुसरा दिवस चुकू देऊ नये. उत्पन्न झालेले कुशल टिकविणे आणि वाढविणे, हा सम्यक व्यायामाच्या चार भागांपैकी एक भाग आहे, आणि चारांत तोच अवघड आहे.

तिसरी : पौर्णिमेला विहारात जमल्यावर त्या महिन्यात काय शिकलो, ते प्रत्येकाने दोन वाक्यांत सांगावे. मुलांनी सांगावे, म्हाताऱ्यांनीही सांगावे. कोणाचे हसू करू नये. एकट्याचा नेम मोडतो, दहा घरांचा नेम सहसा मोडत नाही.

कुसिनारा येथे, अखेरच्या क्षणी, तथागतांनी भिक्खूंना जो उपदेश केला, त्यात कसला चमत्कार नव्हता, वरदानही नव्हते. सर्व संस्कार नाशवंत आहेत, तेव्हा अप्रमादाने आपले कार्य पूर्ण करा, एवढाच त्याचा आशय होता. अप्रमाद म्हणजे जागे राहणे, हयगय न करणे. पंचेचाळीस वर्षे पायी फिरून उपदेश करणाऱ्या महापुरुषाने शेवटी हीच एक गोष्ट हाती दिली.

येत्या १४ एप्रिलला मुलांनी अठरा तास अवश्य बसावे. पण त्या दिवशी सकाळी विहारात येताना प्रत्येकाने आपल्या घरचे कॅलेंडर बरोबर आणावे. बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घालण्यापूर्वी त्यावरच्या खुणा मोजू.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!